भांडणाचा खडक

आत्याने व्हॅनचं मागचं दार असं आपटलं की आत बसलेली माणसं तर सोडाच, गिऱ्हाइकाचा सोफासुद्धा दचकला असेल.

सोफा गडद हिरव्या पट्ट्यांचा होता. आदल्या दिवशीच त्याला नवं कापड चढवून झालं होतं आणि संध्याकाळी परत येताना वाटेतल्या एका बंगल्यावर तो पोचवायचा होता. दरवर्षी असंच व्हायचं. धबधब्याच्या सहलीसाठी वेगळी गाडी करायची म्हणजे उधळपट्टी, असं अप्पांचं मत. त्यामुळे कुणाच्या तरी सोफ्यावर प्लास्टिक अंथरून घरची मंडळी त्यावर बसायची आणि कुणी काही सांडलं तर त्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागायचं. यंदा मधोमध अप्पा, त्यांच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. काका समोर एका स्टुलावर. काकू आलीच नव्हती. पाय मुरगळलाय म्हणाली, आणि निघताना खिडकीत उभी राहून दोन्ही पायांवर छान झुलत हात हलवत होती.

पुढे स्टिअरिंगवर आत्या आणि तिच्या शेजारी टाचणी.

हे नाव आत्यानेच ठेवलेलं. शाळेत तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण घरी ती जन्मली तेव्हापासून टाचणीच. बारीक, ताठ आणि बोटाला लागणारी. गेल्या महिन्यात तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली होती आणि आजचा दिवस तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा होता, कारण आज तिला पहिल्यांदाच भांडायला मिळणार होतं.

म्हणजे तशी ती रोज भांडायची. शाळेत, बसमध्ये, आरशासमोर. पण घरी नाही. घरी कुणीच भांडायचं नाही, हा अप्पांचा, तिच्या आजोबांचा, नियम. खाली सोफे-खुर्च्यांचं दुकान, वर घर, आणि मध्ये फक्त लाकडी फळ्या. वर कुणी शिंकलं तर खाली गिऱ्हाईक सर्दीचं औषध सुचवायचं. फार पूर्वी अप्पा एकदा वरच्या खोलीत भावावर ओरडले होते, तर खाली बसलेल्या बाईंनी आपल्या सहा खुर्च्या अर्ध्या उघड्या, स्प्रिंगा लोंबत असलेल्या तशाच उचलून नेल्या. ज्या घरात असं बोलतात तिथे मला माझ्या खुर्च्या ठेवायच्या नाहीत, म्हणाल्या. त्या दिवसापासून आवाज बंद. दुकानात तर तसाही प्रश्न नव्हता. कापड ठोकताना हात मोकळे लागतात म्हणून बारीक खिळे ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे काढायचा, हीच तिथली पद्धत. तोंडात खिळे असताना माणूस काय बोलणार? आत्या तर राग आला की काम नसतानाही एक खिळा ओठांत धरायची.

आजही तिच्या ओठांत एक खिळा होता. सकाळपासून.

मग राग जायचा कुठे? तर धबधब्यावर. शहरापासून दूर, आत डोंगरांत एकापाठोपाठ तीन धबधबे आहेत. त्यांतल्या तिसऱ्याशेजारी एक सपाट खडक आहे आणि तिथे पाण्याचा एवढा धडाका असतो की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. वर्षातून एकदा अप्पा सगळ्यांना तिथे न्यायचे. ज्याच्या मनात काही असेल त्याने बोट दाखवायचं. ज्याच्याकडे बोट जाईल त्याने नाही म्हणायचं नाही. दोघांनी खडकावर जायचं, मन भरेस्तोवर ओरडायचं, भिजून खाली यायचं आणि चहा प्यायचा. वर बोललेलं खाली आणायचं नाही. आणि पंधरा वर्षांखालच्यांनी वर जायचं नाही.

टाचणी इतकी वर्षं खालच्या गवतावर बसून हे बघत आली होती. उघडणारी तोंडं, हवा कापणारे हात. एका वर्षी काकूने काकांना छत्रीने ढोसलं होतं. काय बोलतात ते कधीच कळायचं नाही, पण परत येताना सगळे इतके शांत असायचे की तिला वाटायचं, तिथे वर काहीतरी फार महत्त्वाचं होत असणार.

तिने बोट कुणाकडे दाखवायचं ते ठरवलं होतं. बाबांकडे.

कारण होतं दुकानातलं टेबल. पुढच्या मोठ्या खिडकीपाशी, उजेडात ठेवलेलं कापड कापायचं टेबल. त्यावर वीस वर्षं आत्याचा हात फिरत होता. खडूने आखायची, एकदा पाठीकडून बघायची, एकदा बैठकीकडून, आणि मग मोठी कातर अशी चालवायची की सोफ्याच्या पाठीवरचा पट्टा बैठकीवर उतरून थेट खालच्या झालरीपर्यंत सरळ जायचा. टाचणीला ते शिकायचं होतं. शनिवारची शाळा सुटली की मी आत्याच्या हाताखाली उभी राहू का, असं तिने बाबांना विचारलं आणि बाबांनी मान हलवली. त्यानंतरच्याच आठवड्यात आत्या माल आणायला गेलेली असताना बाबा आणि काका त्याच टेबलाला टेप लावून मोजताना तिला दिसले. टेबल मोजलं, खिडकी मोजली, दार मोजलं. काय करताय, विचारलं तर दोघंही एकदम काही नाही म्हणाले. एखादी वस्तू दारातून बाहेर निघेल की नाही हे बघायचं असेल तरच माणूस टेबल आणि दार दोन्ही मोजतो, एवढं कळायला पंधरा वर्षं पुष्कळ होतात.

तिने आत्याला अजून सांगितलं नव्हतं. आधी बाबांच्या तोंडून काढायचं आणि मगच.

पण आत्याला कसला तरी वास लागला होता, हे त्या खिळ्यावरून दिसतच होतं.

शहर संपलं, गोदामं संपली, आणि रस्ता शेतांतून वर चढायला लागला. कापलेल्या गवताचे गोल भारे, दगडी पूल, कुंपणापाशी उभ्या असलेल्या, जगाशी काही देणंघेणं नसलेल्या गाई. एरवी टाचणी नुसती बडबडत सुटली असती. आज आत्या वळणांवर गिअर असे टाकत होती, जणू गिअरने तिचं काही घेतलंय. मागून काका म्हणाले की जरा हळू, सोफा नवा आहे. आत्याने आरशात त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं वळण अजून जोरात घेतलं. काका स्टुलावरून आईच्या पायांपाशी आले. ती व्हॅन आत्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हती. काकांनी खूप वर्षांपूर्वी एकदा चालवली होती आणि एका दंतवैद्याच्या फाटकातून आरपार नेली होती. बाबांना वळणांवर उलटी यायची, त्यामुळे ते कधी शिकलेच नाहीत.

पहिला धबधबा अगदीच लहान. घरात त्याला ‘शिंक’ म्हणत. तिथे दरवर्षीप्रमाणे उभ्याउभ्या चहा झाला. अप्पांनी दरवर्षीप्रमाणे पाण्यात हात घालून थंड आहे असं जाहीर केलं. दुसरा पायऱ्यापायऱ्यांचा. तिथे न्याहारी. आई उकडलेली अंडी सोलून एकेकाला देत होती. आत्याला तिने एक दिलं. मग न मागता आणखी एक सोलून दिलं. देताना तिच्याकडे बघितलं मात्र नाही. आत्याने ओठांतला खिळा काढून दोन्ही अंडी खाल्ली आणि खिळा परत ओठांत धरला.

बाबा त्या वेळी पाण्यात दगड मारत बसले होते. एकही दगड नीट उडत नव्हता. टाचणी जवळ गेली तर म्हणाले, काय गं, आज तुझा पहिला दिवस, कुणाचा नंबर? मजेत विचारल्यासारखं. ती म्हणाली, कळेल. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा जास्त धारदार निघाला आणि बाबांच्या हातातला दगड तिथेच पायावर पडला.

तिसऱ्या धबधब्यापाशी या वर्षी गर्दी होती. कुठल्याशा बँकेतून निवृत्त झालेल्या लोकांची बस आली होती. घडीच्या खुर्च्या मांडून, टोप्या घालून ती मंडळी पाण्याकडे तोंड करून बसली होती. वर वीजघराची नवी पिवळी भिंत दिसत होती आणि वाटेत एक नवा फलक लावला होता. वरून पाणी केव्हाही बंद होईल, केव्हाही सुटेल, भोंगा वाजला की खडकावरून उतरावं, असं त्यावर लिहिलं होतं. तो टाचणीने वाचला. बाकी कुणी वाचला नाही, कारण घरची मंडळी तिथे वाचायला येत नव्हती.

अप्पा गवतावर बसले, गुडघ्यावर रुमाल पसरून संत्रं सोलायला घेतलं आणि म्हणाले, चला, कुणाला काय म्हणायचंय ते म्हणून घ्या.

टाचणी बोट वर करणार तोच काकांनी बाबांकडे बोट दाखवलं. फार चटकन. आणि बाबा उठले तेही फार चटकन.

दोघं खडकावर चढले. पाण्याचा धूर त्यांच्या अंगावर येत होता. काका बाबांच्या कानापाशी तोंड नेऊन ओरडायला लागले, मग बाबा काकांच्या. खाली ऐकू येत होता तो फक्त पाण्याचा आवाज. टाचणी हनुवटी गुडघ्यावर टेकून बघत होती. हे भांडण नव्हतं. भांडणात हात कसे असतात हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. काकांचा एक हात खिशात होता. दुसऱ्या हाताने ते हवेत रुंदी दाखवत होते, एवढी, एवढी. बाबा मान हलवत होते आणि मधूनच वळून आत्याकडे बघत होते.

ते दोघं तिथे भांडायला गेलेच नव्हते. घरात लाकडी फळ्यांमुळे जे बोलता येत नव्हतं ते ठरवायला गेले होते.

तिचा संताप इतका उसळला की पाण्याचा आवाज कमी व्हायला लागलाय हे तिच्या पटकन लक्षात आलं नाही. आधी धूर विरळ झाला. मग मधली जाड धार फाटली, तिच्या तीन धारा झाल्या, मग नुसत्या दोऱ्या. आवाज उतरत, उतरत, उतरत गेला. दुसरं कुणी असतं तर त्याचाही आवाज उतरला असता. पण या घरातल्या माणसांचे गळे त्या खडकावर वर्षानुवर्षं एकाच पट्टीत लागलेले. त्यांना खाली येणं माहीतच नव्हतं.

शेवटची धार तुटली आणि त्या मोकळ्या शांततेत बाबांचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला.

“पण तिला सांगणार कोण, की सोमवारपासून टेबल निघतंय?”

आणि काका तेवढ्याच जोरात, “तू सांग. आणि अप्पांचंही लगेच सांगून टाक. आता वर घरात अप्पांकडे बघायला कुणीतरी हवंच ना.”

बँकेच्या मंडळींपैकी कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला. खडकावरून पाणी टिपटिप गळत होतं. काका तोंड उघडं ठेवून धबधब्याकडे बघत राहिले, जणू त्यानेच दगा दिला.

आत्या उठली. ओठांतला खिळा काढून तिने टाचणीच्या तळहातावर ठेवला. खिळा गरम होता. मग ती खडकाकडे चालायला लागली. भाऊ खाली उतरायला लागलेले बघून तिने नुसता हात केला.

“तिथेच थांबा. बोलायची जागा तीच आहे.”

आत्याचा चढलेला आवाज टाचणीने कधी ऐकलाच नव्हता. तो जाड होता, थोडा घोगरा आणि अजिबात कापत नव्हता. बँकेच्या लोकांनी कुजबुजत खुर्च्या पाण्याकडून इकडे वळवल्या. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की दोघांनी पुन्हा तिकडे वळवल्या, पण कान इकडेच.

काकांनी सांगायला सुरुवात केली. हल्ली जुन्या सोफ्याला नवं कापड कोण चढवून घेतं, लोक सरळ फेकतात आणि नवा आणतात. तयार सोफे ठेवायचे, पुढची खिडकी मोकळी करायची, दिवे लावायचे. कापड बाहेरून कापून येईल. तिचं काही कमी करणार नाही. उलट आता आराम. वर बसायचं, अप्पांचं जेवणखाण, औषधं. ते नीटच बोलत होते, तयारी केल्यासारखं. त्यात थोडं खरंही होतं आणि त्यामुळेच टाचणीला ते ऐकवेना.

“हे मला दुकानात सांगता आलं नाही?” आत्या म्हणाली.

“दुकानात भांडायचं नाही,” काका म्हणाले. “नियम आहे.”

“सांगायचं नाही असा नियम नाहीये, दादा.”

बाबा म्हणाले की ताई, आज सांगणारच होतो. आत्या त्यांच्याकडे वळली. टाचणीला वाटलं, आता बाबा संपले. पण आत्याने त्यांच्यावर तेवढा रागही खर्च केला नाही. परत काकांकडे वळून विचारलं, हे ठरवलं कुणी. काका म्हणाले, अप्पांनी होकार दिलाय. कधी? गेल्या वर्षी. कुठे? इथेच, या खडकावर, मी विचारलं आणि अप्पांनी मान हलवली.



“गेल्या वर्षी याच खडकावर अप्पांनी मला होकार दिलाय,” ती म्हणाली. “अप्पांच्या मागे कापायचं काम माझं आणि टेबल माझं. त्याच्या आदल्या वर्षीही दिलाय. दर वर्षी मी विचारते आणि दर वर्षी ते मान हलवतात.”

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा संत्र्याच्या फोडीवरची पांढरी शीर काढत होते.

“मलाही,” बाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

आईने वळून विचारलं, तुम्हाला काय. बाबांनी बूट पाहिले, कडा पाहिला. मग म्हणाले की दुकान सोडून दुसरीकडे कुठेतरी नोकरी बघतो, असं मी अप्पांना विचारलं होतं.

आईचा चेहरा टाचणीने नीट पाहिला. सकाळपासून जो चेहरा खाली होता तो आता वर आला. आई मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसायची, सकाळी पडदा उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत. बाबांशी लग्न केलं तेव्हा तिला बटणसुद्धा लावता येत नव्हतं.

“मला न सांगता?” आई म्हणाली. “मी मशीनवर बसून कुणाच्या गाद्या शिवणार होते?”

“अगं, नुसतं विचारलं होतं.”

“टेबलाचं मला मंगळवारी सांगितलंत. कुणाला बोलू नकोस म्हणालात, मी नाही बोलले. आणि हे सांगितलंच नाहीत.” मग ती आत्याकडे वळली आणि तिचा आवाज पडला. “ताई, मला माहीत होतं.”

“माहीत आहे,” आत्या म्हणाली. “तू मला आज दोन अंडी दिलीस.”

आईने डोळ्यांवर हात घेतला. टाचणीला तिचा रागही आला आणि तिच्या शेजारी जाऊन उभंही राहावंसं वाटलं. शेवटी ती राग न सोडताच शेजारी जाऊन उभी राहिली.

आत्या खाली येऊन अप्पांसमोर बसली. गुडघे मोडून, कापड आखायला बसते तशी. तिने विचारलं की आम्हा तिघांना होकार दिलात तो कसा दिलात.

अप्पांनी फोड तोंडात टाकली, चघळली. त्यांना राग आला नव्हता. उलट एवढी साधी गोष्ट मुलांना कशी कळत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“पाण्यात कुणाला काय ऐकू येतं?” ते म्हणाले. “मला तुमच्यातल्या कुणाचं एक अक्षर आजवर ऐकू आलेलं नाही. मी मान हलवतो. मान हलवली की माणूस शांत होतो. म्हणून तर इथे आणतो तुम्हाला.”

टाचणीच्या मुठीतला खिळा तळव्यात रुतला. इतकी वर्षं. गवतावर बसून, गुडघ्यावर हनुवटी टेकून, तिथे वर काहीतरी महत्त्वाचं होतंय म्हणून मोठं व्हायची वाट बघितलेली इतकी वर्षं. तिला त्या खडकावर जाऊन लाथ मारावीशी वाटली. अप्पांच्या मांडीवरचं ते संत्रं उचलून पार खाली दरीत फेकावंसं वाटलं.

आत्या मात्र ओरडली नाही. ती म्हणाली की बरं, आता पाणी बंद आहे, आता ऐका. आणि तिने सांगितलं. तिला टेबल हवं आहे. कापायचं काम हवं आहे. तयार सोफे आणा, खिडकीत दिवे लावा, टेबल मागे सरकवा, तिची हरकत नाही, पण ते दारातून बाहेर जाणार नाही आणि तीही वर जाऊन बसणार नाही. अप्पांचं जेवणखाण सगळे मिळून बघतील, जसं आजवर बघत आले. एवढंच. हे सांगायला तिला खडकावर किती वर्षं ओरडावं लागलं होतं, आणि खाली बसून सांगायला घोटभर चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला.

“आता उत्तर द्या.”

अप्पांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात वर भोंगा वाजला. वीजघराचा रखवालदार शिट्टी फुंकत, हातवारे करत उतारावरून धावत आला. खडकावर अजून उभे असलेले काका आणि बाबा एकमेकांच्या पायांत पाय घालून खाली घसरले. कड्यावरून आधी एक तपकिरी जीभ लोंबली, मग ती पांढरी झाली, आणि मग सगळं पाणी एकदम आलं. आवाजाने हवा भरून गेली. बँकेची मंडळी टाळ्या वाजवत होती, त्यांचे हात दिसत होते, टाळ्या ऐकू येत नव्हत्या.

आणि टाचणीने पाहिलं की अप्पांचा चेहरा सैल झाला. त्यांनी आत्याकडे बघितलं, प्रेमाने बघितलं, आणि त्यांची मान हलायला लागली. हो, हो, हो.

आत्या उठली. तिने अप्पांच्या काखेत हात घातला, त्यांना उभं केलं आणि गवतावरून, फलकाजवळून, बँकेच्या खुर्च्यांमधून चालवत थेट व्हॅनपाशी नेलं. सोफ्याच्या मधोमध बसवलं. बाकीचे मागोमाग आले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. सगळे आत आल्यावर तिने मागचं दार लावलं, खिडकीच्या काचा वर केल्या. धबधबा एकदम लांब गेला. आत प्लास्टिक चुरचुरत होतं आणि नव्या कापडाचा वास येत होता.

आत्या पुढे बसली नाही. मागेच उभी राहिली, वाकून, छताला डोकं लागू नये म्हणून.

“आता बोला. मान नको.”

अप्पांनी काकांकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. दार बंद होतं. त्यांच्या हातात अजून एक फोड राहिली होती आणि तिचा रस बोटांवरून हिरव्या पट्ट्यांकडे निघाला होता. आईने सवयीने रुमाल पुढे केला.

“नाही,” अप्पा म्हणाले. “दुकान मुलांचं. तू वर राहा. मला बरं वाटेल.”

ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. टाचणीला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

 आत्या म्हणाली, ठीक आहे. काकांनी सुटकेचा श्वास सोडला, इतका मोठा की स्टूल करकरलं. झालं तर मग, ते म्हणाले, उशीर होतोय, बंगल्यावर सोफा द्यायचाय.

“माझा नंबर राहिलाय,” टाचणी म्हणाली.

काका म्हणाले, आता पुरे. पण तिने बोट दाखवलं होतं आणि बोट दाखवल्यावर नाही म्हणायचं नसतं. बाबांनी मान वर केली. तिने आरशासमोर केलेली सगळी तयारी, सगळी लांबलचक वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

“मी शनिवारचं विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत,” ती म्हणाली. “तुम्ही ऐकलं होतंत का?”

 

“नाही,” बाबा म्हणाले. “माझं लक्ष नव्हतं.”

टाचणीला रडू आलं नाही. याचं तिला फार आश्चर्य वाटलं.

आत्याने खिशातून व्हॅनची किल्ली काढली आणि काकांच्या मांडीवर ठेवली.

“चालव.”

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते म्हणाले, काहीतरी काय, मला कुठे येते. बाबा म्हणाले, ताई, सोफा संध्याकाळी द्यायचाय. आत्याने दार उघडलं. धबधब्याचा आवाज पुन्हा आत घुसला, त्यामुळे तिने शेवटचं वाक्य प्रत्येकाला ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

“अप्पांकडे बघायला कुणीतरी हवंच ना. दोघं आहात.”

आणि उतरली.

तिच्यामागून टाचणीने उडी मारली. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा आई अजून सोफ्यावर होती, हातात रसाचा रुमाल. बाबा तिला काहीतरी सांगत होते. आईने तो रुमाल त्यांच्या हातात दिला, पर्स उचलली आणि उतरली.

बसथांबा खाली वळणावर, दूध गोळा करायच्या शेडपाशी होता. तिघी रस्त्याच्या कडेने उतरत होत्या.  एका बाजूला गवताचे गोल भारे, दुसऱ्या बाजूला त्या मघाच्याच गाई. आई एकदा म्हणाली की माझी चप्पल चावतेय, आत्या म्हणाली, काढ मग, आणि आईने खरंच काढून हातात घेतली. धबधबा मागे राहत गेला. शेडपाशी पोचेपर्यंत नुसती गुणगुण उरली.

टाचणीने मूठ उघडली. तळव्यावर खिळ्याचा लाल ठसा होता. तिने खिळा आत्यापुढे धरला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, पण घेतला नाही.

“माझी कातर टेबलावर आहे,” ती म्हणाली. “सोमवारी टेबल निघायच्या आधी ती तेवढी काढून घ्यायची. कापायला टेबल कुठलंही चालतं.”

“मी येईन,” टाचणी म्हणाली. “आणि शनिवारी?”

“शनिवारी पण ये. टेबल जिथे असेल तिथे.”

आत्याने मान हलवली नव्हती. तोंडाने सांगितलं होतं. टाचणीने ते दोनदा मनात म्हणून बघितलं.

तेवढ्यात वरून हॉर्न वाजला. व्हॅनचाच. एकदा, मग दोनदा, मग कुणीतरी त्यावर तळहात दाबूनच ठेवला. गाईंनीसुद्धा मान वर केली. हॉर्न थांबे, पुन्हा सुरू होई, डोंगरातून दुप्पट होऊन परत येई.

“ऐकू येतंय?” आत्याने विचारलं.

“येतंय,” टाचणी म्हणाली.

“मलाही,” आत्या म्हणाली, आणि वळणावर दिसलेल्या बसला तिने हात केला.